बांध फुटला, भातशेतात तिवरं वाढली: कायद्याने आता ते शेत की पाणथळ?

खारेपाटची सून

नमस्कार. मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठच्या एका गावात राहते. १९९८ साली लग्न होऊन इथे आले. माहेर जुन्नरकडचं. समुद्राचं पाणी शेतात शिरू शकतं आणि त्याला अडवायला मैलभर लांबीचा मातीचा बांध घालावा लागतो, हे इथे आल्यावरच कळलं.

पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी मला बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीकडच्या बांधावर, नेलं होतं. बांधाच्या पलीकडे खाडी, चिखल आणि तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, दाट रांग. अलीकडे हिरवंगार भात. त्या मला म्हणाल्या, "तिवरा बांधाचे भायेर, भात बांधाचे आत. उलटा झाला का गाव गेला." तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ नीट लागला नव्हता.

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या बाहेरकाठ्याला खांड पडली. वरून डोंगराचं पाणी, खालून भरती, आणि उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, जितकं पाणी जायला हवं होतं तितकं गेलं नाही. पहिल्या वर्षी खांड बैलगाडीच्या रुंदीची होती. गावाने चिखलाच्या ढेपा हातोहात देऊन ती बुजवली, मी स्वतः त्या रांगेत उभी होते. पुढच्या उधाणाला पुन्हा गेली. मग अर्ज, पाहणी, पुन्हा अर्ज. तिसऱ्या वर्षी खांड एवढी रुंद झाली की हाताने बुजवणं शक्यच नव्हतं. ज्यांनी दुरुस्त करायची त्यांनी केली नाही. निधी नाही, अंदाजपत्रक गेलंय, पावसाळ्यानंतर बघू, यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

आमच्या गावचं बांधाआतलं क्षेत्र सुमारे ११० एकर. त्यातलं ७० एकर आज रोज दोनदा खाऱ्या पाण्याखाली जातं. आमचा १ एकर १४ गुंठे त्यातच आहे. वरच्या अंगाचं ४० एकर अजून कसलं जातं.

आधी काय झालं ते सांगते. पहिल्या उन्हाळ्यात रान पांढरं पडलं. चैत्रात अनवाणी चाललं की पायाखाली मीठ चुरचुरायचं. दुसऱ्या पावसाळ्यात भरतीबरोबर तिवराच्या बिया आल्या. वालाच्या दाण्यासारख्या चपट्या, हिरव्या, सालीतून कोंब डोकावणाऱ्या. आमच्या शेताच्या बांधाला येऊन अडकायच्या. सासूबाई टोपलीभर वेचून काढायच्या आणि खाडीत नेऊन टाकायच्या. पुढच्या भरतीला तितक्याच परत. तीन वर्षं त्या हे करत होत्या. मग गुडघे गेले आणि त्यांचं बांधावर जाणं थांबलं. आता तिथे माझ्या डोक्याच्या वर गेलेली तिवरं आहेत आणि खाली चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली मुळं. चप्पल घालून जाता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी पत्र आलं. उपग्रहाच्या नकाशावर आमचा गट कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, म्हणून दिसतो, तिथे कुठलंही काम करायचं नाही. सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव, पिकाच्या रकान्यात 'पड'.

एवढंच असतं तर मी इथे लिहिलं नसतं. खरा प्रश्न वरच्या ४० एकरांचा आहे. त्या शेतांचं पावसाचं पाणी एका चरातून उघाडीकडे जातं. चर आमच्या बुडालेल्या शेतांमधून जातो आणि आता तिवरांनी आणि गाळाने भरलाय. जुलैत वर आठ-आठ दिवस गुडघाभर पाणी साचून राहतं, रोपं कुजतात. गेल्या वर्षी आमच्या चुलत दिरांनी दोनदा रहू (मोड आलेलं बी) टाकला, दोनदा गेला. चर साफ करायचा तर तिवरं तोडावी लागतील. ती तोडली तर गुन्हा. म्हणून कोयता लावायला कोणी धजत नाही. पाणी असंच तुंबत राहिलं तर पाच वर्षांनी ते ४० एकरही नकाशावर पाणथळ म्हणून दिसतील.

मी तिवरांच्या विरोधात नाही. बाहेरकाठ्याच्या पुढची रांग नसती तर बांध केव्हाच वाहून गेला असता, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जिताडा, निवट्या, चिंबोऱ्या सगळं त्यांच्याच आधाराने आहे. मला एवढंच विचारायचंय: जमीन ओली का झाली, याचा विचार कायदा करतो की नाही? आमच्या आजेसासऱ्यांनी चरीच्या संपात, म्हणजे खोतांविरुद्धच्या कुळांच्या संपात, जमीन कसली नव्हती. १९३३ ते १९३९. इतकी वर्षं रान पेरलं नाही म्हणून ते शेत राहिलं नाही, असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. उलट त्या संपातून कूळ कायद्याची वाट निघाली. मग आज बांध दुसऱ्याने दुरुस्त केला नाही म्हणून आमचं शेत शेत कसं राहत नाही?

कायदा माहीत असलेल्यांनी, आणि अशाच जमिनीत राहणाऱ्यांनी, कृपया लिहावं. चर साफ करता येईल का? आणि तुमच्या मते नियम कसा असायला हवा?

निवृत्त तलाठी

ताई, तुमचा प्रश्न दोन कायद्यांच्या मधे अडकलाय. आधी ते वेगळे करू.

पाणथळींचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. त्यातल्या व्याख्येतूनच भातखाचरं वगळली आहेत. मिठागरं, मत्स्यशेतीसाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या रचना, पिण्याच्या पाण्याचे तलाव हेही वगळलेत. शिवाय किनारा नियमन क्षेत्रात म्हणजे सीआरझेडमध्ये येणाऱ्या जमिनीला ते नियम लागूच होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सव्वादोन हेक्टरांवरच्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यायला सांगितलं, त्यांची यादी उपग्रहाच्या नकाशांवरून आली होती. त्यामुळे लोक प्रत्येक पत्राला 'वेटलँडचं पत्र' म्हणू लागले. तुमचं पत्र बहुधा तसलं नाही.

तुम्हाला लागू होतं ते सीआरझेड आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल. त्या निकालाप्रमाणे कांदळवन कोणाच्याही जमिनीवर असो, तोडता येत नाही, आणि त्याच्याभोवती ५० मीटरात बांधकाम नाही. शासकीय जमिनीवरचं कांदळवन वन म्हणून जाहीर करून वनखात्याकडे द्यायचं. खाजगी जमिनीची मालकी मात्र जात नाही. हे गावात सगळ्यांना समजावून सांगा, कारण 'जमीन वनखात्याची झाली' या अफवेवर लोक कवडीमोलाने विकून टाकतात.

आता तुमच्या गावाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत असं आहे की १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांध किंवा उघाडी असेल, तर भरतीरेषा त्या बांधाशीच थांबते. तुमचा बांध त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे कागदावर भरती आजही तुमच्या बाहेरकाठ्याशीच थांबलेली आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की खारं पाणी आत शिरल्यामुळे बांधाच्या आत जे कांदळवन उगवलं असेल, ते सीआरझेड-१ अ मध्येच, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात, धरायचं आणि इतर विकासकामांसाठी वळवायचं नाही.

म्हणून तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. पाणी का शिरलं, हे कलम विचारत नाही. शिरलं आणि झाड उगवलं, एवढंच बघतं. भातशेती पुन्हा करणं हे 'विकासकाम' आहे का, हा वाद घालण्यासारखा आहे. पण तो वकिलामार्फत घाला, कोयत्याने नव्हे.

चराबद्दल. त्याआधीच्या २०११ च्या अधिसूचनेत भराव आणि बांध घालायला बंदी होती, पण अपवाद दिले होते: जलमार्ग साफ ठेवणं, भरतीचं पाणी नियंत्रित करणाऱ्या झडपा, पावसाच्या पाण्याची गटारं, खारं पाणी शिरू नये म्हणूनची बांधकामं. म्हणजे उघाडी आणि चर या कामांना मुळात दार बंद नाही. तिवरं तोडावी लागणार असतील तेवढ्यासाठीच परवानगीचा रस्ता लांब होतो, सार्वजनिक कामालाही न्यायालयात जावं लागतं.

तुम्ही काय करा, तर २००४-०५ च्या आधीचे गाव नमुना बाराचे उतारे काढा, सगळ्या गटांचे. त्यात 'भात' लिहिलेलं असेल. खांड पडल्यानंतरचे सगळे अर्ज, पोचपावत्या, पंचनामे तारीखवार लावा. वरच्या ४० एकरांची ई-पीक पाहणी एकही वर्ष चुकवू नका. एक हंगाम 'पड' लागली की तीच पुढे पुरावा म्हणून दाखवली जाते. मी नोकरीत असताना घाईघाईत 'पड' लिहिलेले उतारे पाहिले आहेत. शेतकरी पेरणीला येऊ शकला नाही, का येऊ शकला नाही हे लिहायला रकानाच नव्हता. आज ते मनाला लागतं.

उरणचा कोळी

वहिनी, तुमचं दुःख मला कळतं, पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो. राग मानू नका.

माझी आई आणि मावशी चिंबोऱ्या काढून विकायच्या. खाडीत कोळंबीची पिल्लं, बोय, जिताड्याची पोरं हे सगळं तिवरांच्या मुळांमधे वाढतं. तुमच्या ७० एकरांत वीस वर्षं भरती-ओहोटी चालू आहे. तिथे आता किती मासळी वाढते, कोणी मोजलंय का? त्या जागेवर तुमच्या गावातल्या ज्या बायका आता हात घालून चिंबोऱ्या काढतात, त्यांच्या नावावर सातबारा नाही. उद्या बांध घातला, पाणी अडलं, तर त्यांनी कुठे जायचं?

आणि मला भीती वेगळीच आहे. आमच्याकडे मी काय बघितलं ते सांगतो. आधी कोणीतरी खाडीचा फाटा मातीने बंद करतो. भरतीचं पाणी थांबलं की तिवरं दोन-तीन वर्षांत वाळतात. मग म्हणतात, ही तर शेतकऱ्याची पडीक जमीन, इथे कांदळवन कुठे आहे? मग रात्री डंपर येतात. भातासाठी म्हणून सोडवलेल्या जमिनीवर भात लावलेलं मी एकदाही पाहिलं नाही. भराव पडतो आणि कंटेनरचं यार्ड होतं. पाणी गेल्यावर पक्षी गेले, मासळी गेली, आणि शेतकऱ्याच्या हातात एकदाच आलेले पैसे घर बांधण्यात संपले.

म्हणून सवलत द्यायची तर जमिनीला नको, भाताला द्या. शेतकरी भात लावतोय तोवर सवलत. बिगरशेती केली, विकली, भराव टाकला, की ती जमीन परत पाणथळ धरायची, आणि भराव काढायचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. असा नियम असेल तर मी स्वतः तुमच्या बांधावर चिखल द्यायला येईन.

चराचं मात्र मला पटलं. चर साफ ठेवला तर तिवरंही नीट राहतात. पाणी साचून राहिलं तर त्यांचीही मुळं कुजतात. पाणी आलं पाहिजे आणि गेलं पाहिजे.

खाजनातला

मी गोव्यातून, तिसवाडीतून लिहितोय. तुमच्या खारेपाटाची आणि आमच्या खाजनाची गोष्ट सारखीच. तुम्ही उघाडी म्हणता, आम्ही मानस. लाकडी दार, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं, भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटतं. माणूस लागत नाही.

एक फरक मात्र सांगण्यासारखा आहे. आमच्या जुन्या लोकांनी बांधाच्या आत सगळीकडे भात करायचा हट्ट धरला नव्हता. मानशीच्या आतल्या बाजूला सगळ्यात खोलगट जागा पाण्यासाठीच सोडलेली असते, तिला पोंय म्हणतात. वरच्या शेतांचं पाणी तिथे उतरतं, मासे तिथे राहतात, मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. वरच्या अंगाला कोरगूट भात, जे थोडं मीठ सोसतं. म्हणजे शेत आणि पाणथळ एकाच बांधाच्या आत, उंचसखलपणा बघून वाटून घेतलेले.

हे बिघडलं कसं, तर मासळीचा लिलाव शेतकऱ्याच्या हातातून गेला. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत हवं. तो दार अर्धवट उघडं ठेवतो. शेतात मीठ चढतं, शेतकरी सोडून देतो, तिवरं येतात. मग तुमच्यासारखंच पत्र येतं. २०११ च्या सीआरझेडमध्ये गोव्याच्या खाजनांसाठी वेगळा परिच्छेद आहे, खाजनं जपायची, त्यांचा आराखडा करायचा, तिथे विकासकामं नाहीत, आणि तिथलं कांदळवनही जपायचं. वाक्य चांगलं आहे. पण खाजन म्हणजे भात, की मासळी, की तिवरं, हे त्या वाक्यातून ठरत नाही. ते मानशीचं दार कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

कायद्याने पाणथळ ठरलं म्हणजे शेती संपली असंही नाही. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं. जेमतेम ४२ हेक्टर. तिथलं साठवलेलं पाणी आजही तळ्याखालच्या भाताला वापरतात. पाणथळींच्या नियमात 'सुज्ञ वापर' असा शब्द आहे, त्याचा अर्थ मी तरी हाच घेतो.

तुमच्या ११० एकरांची समपातळी कोणी काढली आहे का? सगळ्यात खोल भाग कुठला, ते आधी बघा. तोच तुमचा पोंय.

आयोवातून

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, शेतीच्या निचऱ्यात काम करतो, गेली सोळा वर्षं आयोवात. आमच्याकडे कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या आणि सच्छिद्र पाईप पुरून निचरा करावा लागला, ते लहानपणी पाहिलं. इथे तर अख्खा मुलूखच मुळात दलदलीचा होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मातीच्या नळ्या पुरून तो कोरडा केला आणि त्यावर मका-सोयाबीन उभं राहिलं. पाणपक्ष्यांची डबकी गेली, नद्यांत नायट्रेट वाढलं.

इथला नियम तुमच्या प्रश्नाशी जुळतो, म्हणून लिहितो. १९८५ च्या शेती कायद्यात एक कलम आलं, लोक त्याला 'स्वॅम्पबस्टर' म्हणतात. २३ डिसेंबर १९८५ ही तारीख ठरवली. त्याआधी निचरा करून पिकाखाली आणलेली जमीन शेतीच धरायची. त्यानंतर नवी पाणथळ मोडून पीक घेतलं, तर सरकारी अनुदान, कर्ज आणि पुढे पीकविम्याच्या हप्त्यातली मदतही बंद. तुरुंग नाही, दावा नाही. जनतेच्या पैशातून मिळणारी मदत थांबते, इतकंच.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दुरुस्तीची आहे. अर्धवट ओल्या, पण आधीपासून कसल्या जाणाऱ्या जमिनीत जुना चर किंवा जुनी नळी दुरुस्त करता येते, मात्र पूर्वी होती तेवढीच. जास्त खोल नाही, जास्त रुंद नाही. काम करण्याआधी शेतकरी अर्ज करून आपल्या शेताचा कुठला तुकडा पाणथळ धरला जाईल हे लेखी मागू शकतो, आणि न पटल्यास अपील करू शकतो. तुमच्या चराला नेमकं हेच लागू पडेल: २००५ पूर्वी जेवढा होता तेवढा मोकळा करा, एक फूटही जास्त नको.

एक फरक मात्र सांगायला हवा. इथला शेतकरी शेकडो एकरांचा आणि अनुदानावर मोठा अवलंबून, म्हणून अनुदान थांबवण्याचा धाक चालतो. सव्वा-दीड एकरवाल्याला थांबवायला देणंच काय आहे? तिथे उलट बाजूने जावं लागेल. ज्याच्या शेतात कांदळवन राहू द्यायचं, त्याला दरवर्षी पैसे द्यावे लागतील.

खारेपाटची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण तुम्ही सांगितलेली कामं करत होते.

तलाठीकाका, २००३-०४ चे उतारे मिळाले. ३१ गटांवर 'भात' आहे, दोनांवर 'भात, वाल'. एका उताऱ्यावर सासऱ्यांच्या नावापुढे त्यांची बोटाएवढी सही आहे, ती का घेतली होती कोण जाणे. सासूबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला होता. अर्जांच्या नऊ पोचपावत्या घरोघरी फिरून जमवल्या. एक तर देव्हाऱ्याखाली होती.

खाजनातल्या दादा, तुमच्या प्रश्नाने मात्र माझी झोप उडाली. समपातळी काढायला शाळेतले गुरुजी आणि माझा मुलगा, पारदर्शक नळीत पाणी भरून, बांबूवर खुणा करून गेले. सगळ्यात खोल भाग आमचाच निघाला. आमचा आणि शेजारच्या सहा गटांचा. वरच्या ४० एकरांपेक्षा जवळजवळ सव्वा हात खाली. सासूबाई म्हणाल्या, आम्हाला माहीत होतंच, पूर्वीही तिथेच मासळी जास्त मिळायची आणि भात सगळ्यात शेवटी पिकायचं. वीस वर्षं मी ज्या तुकड्यासाठी भांडले, तो जुन्या हिशोबानेही अर्धा पाण्याचाच होता.

उरणच्या भाऊंचं म्हणणं मी बायकांच्या बैठकीत वाचून दाखवलं. आमच्या गावात त्या ७० एकरांत चिंबोऱ्या काढणाऱ्या अकरा जणी आहेत, हे मला नावानिशी माहीत नव्हतं. त्यातल्या चौघी भूमिहीन. त्यांच्यापैकी एक म्हणाली, बांध घाला, पण आमचा फाटा बुजवू नका. तिला काय उत्तर द्यायचं ते बैठकीत कोणालाच सुचलं नाही. शेवटी तिचं म्हणणं जसंच्या तसं ठरावात घातलं.

ग्रामसभेत जे मागायचं ठरलं ते असं. पहिलं काम चर आणि उघाडी. आयोवाच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे २००५ पूर्वीच्या मापाने. जुन्या मोजणीच्या नकाशात चराची रुंदी ९ फूट आहे, म्हणून ९ फूटच लिहिलंय. तेवढ्या पट्ट्यात किती तिवरं येतात ती मोजली, १४३ भरली. प्रत्येकाचा फोटो आणि जागा अर्जासोबत जोडतोय. परवानगी येईपर्यंत कोणी हात लावणार नाही, आणि तोडली त्याच्या तिप्पट आम्ही बाहेरकाठ्याच्या पुढे लावू.

बुडालेल्या ७० एकरांत जिथे झाडं वाढून जंगल झालंय, ते तसंच ठेवायचं. त्यात आमचा १ एकर १४ गुंठेही आहे. हे लिहिताना हात जड झाला. पण मालकी आमचीच राहील आणि राखणीचे पैसे दरवर्षी एकरी ठरवून मिळतील, तरच, असं लेखी मागितलंय. बांधाच्या कडेला जो पट्टा आहे, जिथे रोपं अजून गुडघ्याच्या खाली आहेत आणि पोरं क्रिकेट खेळतात, तो भाताला परत हवा. जाणती माणसं सांगतात, बांध पक्का झाला की तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राची खाऱ्या जमिनीसाठीची भाताची वाणं आहेत, त्यांची चौकशी केलीय. आणि उरणच्या भाऊंची अट शब्दशः घातलीय: भात लावायचं थांबवून जो बिगरशेती करेल, त्याची सवलत जाईल. यावर दोन घरांनी सही केली नाही. त्यांच्या जमिनीची बोलणी चालू आहेत, हे गावाला माहीत आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून आहे. नियमात 'पाणी का शिरलं' हा रकाना असायलाच हवा. समुद्राने घेतलं असेल तर मी समुद्राशी भांडणार नाही. पण दुरुस्तीचा अर्ज दिल्यावरही बांध तसाच राहिला असेल, तर अर्जाच्या तारखेनंतर उगवलेलं झाड शेतकऱ्याच्या विरोधात पुरावा म्हणून वापरता येऊ नये. आमच्या पहिल्या अर्जाची पोच ११ ऑगस्ट २००५ ची आहे. त्या दिवशी शेतात एकही तिवर नव्हतं.

येत्या अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास आहे. उघाडीपाशी आणि खांडीपाशी खुणा केलेले दोन बांबू रोवणार आहोत, पाणी किती चढतं आणि उतरायला किती वेळ लागतो ते दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहायचंय. रायगडातलं कोणी असेल आणि येऊ शकत असेल तर सकाळी दहापर्यंत या. गुडघ्यापर्यंतचे बूट असतील तर आणा. जेवण आमच्याकडे, जिताड्याचं कालवण आणि भाकरी.